घरगुती बिअरनिर्मितीची दुर्मीळ पुस्तके : शोध, पारख आणि जतन

घरच्या घरी बिअर कशी करावी हे सांगणारी पुस्तके ही इंग्रजी ग्रंथव्यवहाराची एक लहानशी शाखा आहे. या शाखेतील बहुतेक पुस्तके आज छापात नाहीत. ती मोठ्या प्रकाशकांच्या सूचीत क्वचितच आली, ग्रंथालयांनी ती थोड्याच प्रमाणात घेतली आणि ज्यांनी विकत घेतली त्यांनी ती कपाटात न ठेवता स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. उकळत्या पाकाचे शिंतोडे, ओले हात आणि पेन्सिलीने केलेल्या नोंदी यांमुळे प्रती खराब होत गेल्या व अखेर रद्दीत निघाल्या. पेयनिर्मितीचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना, मद्यसंस्कृतीविषयी लिहिणाऱ्यांना, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना किंवा केवळ जुन्या पुस्तकांची आवड असणाऱ्यांना यांपैकी एखादे पुस्तक हवे असल्यास ते कोठे व कसे शोधावे, याची माहिती या लेखात एकत्र केली आहे.

दोन कायदे आणि त्यांमागून आलेली पुस्तके

कोणते पुस्तक कोणत्या काळात शोधावे हे समजण्यासाठी आधी दोन देशांतील कायद्यांचा क्रम पाहावा लागतो. इंग्लंडमध्ये शतकानुशतके घरोघरी बिअर होत असे. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून थेट बिअरवर कर बसवला आणि घरी बिअर करणाऱ्यांनाही परवान्याच्या व्यवस्थेत आणले. तेव्हापासून घरगुती निर्मिती हळूहळू आटत गेली. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती वापरासाठी केलेल्या बिअरवरील परवान्याची अट रद्द केली. विक्री न करण्याच्या अटीवर कोणालाही घरी बिअर करण्याची मोकळीक मिळाली आणि मार्गदर्शक पुस्तकांना एकाएकी वाचक मिळाले.

अमेरिकेत वाट अधिक वळणाची होती. १९२० ते १९३३ ही तेथील दारूबंदीची वर्षे. या काळात हॉप मिसळलेला माल्टचा पाक डब्यांतून उघडपणे विकला जाई. पाव-बिस्किटांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या पाकाचे घरी काय होते, हे विकणारा व घेणारा दोघेही जाणत. बंदी उठल्यानंतर घरगुती वाइनला सवलत मिळाली, बिअर मात्र तिच्यातून वगळली गेली. ही उणीव भरून निघायला १९७८ उजाडले. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यात सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांची दुरुस्ती समाविष्ट होती. १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर कराविना करता येऊ लागली. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा राहिला. मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

यावरून शोधाचा एक साधा नियम निघतो. ब्रिटिश पुस्तके १९६३ नंतरच्या दोन दशकांत शोधावीत. अमेरिकी पुस्तकांतील १९७९ पूर्वीची पुस्तके संख्येने थोडी, बहुधा लेखकांनी स्वतः छापलेली आणि म्हणूनच अधिक दुर्मीळ असतात.

शोधण्याजोगी पुस्तके

ब्रिटनमधील या चळवळीचे केंद्र हॅम्पशायरमधील अँडोव्हर हे गाव होते. तेथून सी. जे. जे. बेरी ‘अमॅच्युअर वाइनमेकर’ हे मासिक काढत आणि त्याच नावाने पुस्तकेही प्रसिद्ध करत. वाइनवरील त्यांचे ‘फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग’ १९६० मध्ये आले. ‘होम ब्रूड बीअर्स अँड स्टाउट्स’ हे त्यांचे बिअरवरील पुस्तक परवान्याची अट उठली त्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६७ मध्ये केन शेल्स यांचे ‘ब्रूइंग बेटर बीअर्स’ याच प्रकाशनाकडून आले.

१९७४ मध्ये डेव्ह लाइन यांचे ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ प्रसिद्ध झाले आणि या विषयाची पातळी उंचावली. तोवरची बहुतेक पुस्तके तयार माल्टपाक व साखर यांवर अवलंबून होती. लाइन यांनी मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, म्हणजे थेट माल्टच्या दाण्यांपासून बिअर करण्याची पूर्ण कृती सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणली. १९७८ मधील ‘ब्रूइंग बीअर्स लाइक दोज यू बाय’ या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी बाजारात मिळणाऱ्या नामांकित बिअरसारखी बिअर घरी करण्याच्या कृती दिल्या. लाइन यांचे तरुण वयातच निधन झाले. त्यांच्या कृतींचा उल्लेख आजही होतो, पण मूळ आवृत्त्यांच्या चांगल्या प्रती कमी होत चालल्या आहेत.

याच काळातील वेगळ्या जातीचे पुस्तक म्हणजे लंडनच्या ‘डर्डन पार्क बिअर सर्कल’ या हौशी मंडळाचे ‘ओल्ड ब्रिटिश बीअर्स अँड हाउ टू मेक देम’. १९७६ मध्ये प्रथम निघालेल्या या छोट्या पुस्तिकेत जुन्या नोंदवह्या व ग्रंथ वाचून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील बिअर पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी प्रथम शोधावे असे हे पुस्तक आहे.

अमेरिकेत पोर्टलंडचे फ्रेड एकहार्ट यांनी १९७० मध्ये ‘अ ट्रीटिस ऑन लागर बीअर्स’ ही लहान पुस्तिका काढली. घरी बिअर करणे तेथे अद्याप कायद्याच्या चौकटीबाहेर असतानाची ही पुस्तिका आहे. बायरन बर्च यांचे ‘क्वालिटी ब्रूइंग’ १९७४ मधले. चार्ली पापाझियन यांनी १९७६ मध्ये ‘जॉय ऑफ ब्रूइंग’ स्वतः छापले. त्याचे वाढलेले रूप ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होम ब्रूइंग’ या नावाने १९८४ मध्ये आले व जगभर पोहोचले. नंतरच्या आवृत्त्या सहज मिळतात. १९७६ ची मूळ प्रत मात्र संग्राहकांच्याच हाती दिसते. ग्रेग नूनन यांचे ‘ब्रूइंग लागर बिअर’ (१९८६) आणि डेव्ह मिलर यांचे ‘द कम्प्लीट हँडबुक ऑफ होम ब्रूइंग’ (१९८८) ही त्यापुढच्या टप्प्याची पुस्तके होत.

याहून मागे गेल्यास हौशी व व्यावसायिक ही सीमा पुसट होते. मायकेल कोम्ब्रून यांचा ‘द थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ ब्रूइंग’ (१७६२), जॉर्ज वॉटकिन्स यांचा ‘द कम्प्लीट इंग्लिश ब्रूअर’ (१७६७), माल्टपाकाची घनता मोजण्याचे उपकरण रुळवणारे जॉन रिचर्डसन यांचे १७८४ मधले लेखन, विल्यम कॉबेट यांचे १८२०च्या दशकारंभीचे ‘कॉटेज इकॉनॉमी’ ही त्यांतील प्रमुख नावे. कॉबेट यांनी मजुराच्या घरात चहा शिरल्याबद्दल खंत व्यक्त करून घरच्या बिअरचा हिरिरीने पुरस्कार केला आहे. चहाशिवाय सकाळ न उजाडणाऱ्या मराठी वाचकास तो भाग मौजेचा वाटेल. पुढे लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये फ्रेंचमध्ये व १८७९ मध्ये इंग्रजीत आला, तर वाल आणि हेनियस यांचा भलामोठा अमेरिकी संदर्भग्रंथ शिकागोहून १९०१ मध्ये निघाला.

पहिली पायरी : नोंद पक्की करणे

पुस्तक शोधण्यापूर्वी त्याची नोंद पक्की करावी. लेखकाचे पूर्ण नाव, नेमके शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष आणि आवृत्ती या सहा गोष्टी हाती नसतील तर विक्रेता चुकीची प्रत पाठवतो आणि दोष कोणाचाच राहत नाही. यासाठी ‘वर्ल्डकॅट’ ही जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची सर्वांत उपयुक्त आहे. कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे हेही तिच्यात कळते. अमेरिकी पुस्तकांसाठी ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ची सूची पाहावी. ब्रिटिश लायब्ररीची सूची ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर कित्येक महिने बंद होती, म्हणून एकाच सूचीवर विसंबू नये.

शोधताना पुढील बारकावे ध्यानात ठेवावेत.

एक, इंग्रजीत ‘होम ब्रूइंग’ हे शब्द तोडून, जोडून व मध्ये जोडरेषा देऊन अशा तीन प्रकारे लिहिले जातात. तिन्ही प्रकारे शोध घ्यावा. ‘होम ब्रूड’ हाही शब्द वेगळा टाकून पाहावा.

दोन, बिअरची प्रकरणे अनेकदा वाइनवरील पुस्तकांत दडलेली असतात. त्यामुळे घरगुती वाइनच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकाही चाळाव्यात.

तीन, ड्यूई दशांश पद्धतीत घरगुती बिअरची पुस्तके पाककलेच्या शेजारी ६४१.८७३ या क्रमांकावर आणि औद्योगिक बिअरनिर्मितीची पुस्तके तंत्रज्ञानात ६६३.४२ या क्रमांकावर असतात. एकाच विषयाची पुस्तके अशी दोन वेगळ्या कपाटांत विखुरतात. एके ठिकाणी न मिळालेले पुस्तक दुसऱ्या ठिकाणी मिळू शकते.

चार, पुस्तकांना क्रमांक देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९६७ च्या सुमारास नऊ अंकांनी सुरू झाली. १९७० मध्ये दहा अंकांचे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंक झाले. नऊ अंकांच्या जुन्या क्रमांकाआधी शून्य लिहिले की दहा अंकी क्रमांक तयार होतो. बेरी यांच्या १९६३ च्या मूळ छपाईवर असा क्रमांक असणारच नाही. त्यामुळे अशी पुस्तके लेखक व शीर्षक यांवरूनच शोधावी लागतात.

पाच, प्रकाशनसंस्था हातोहात गेल्या. ‘अमॅच्युअर वाइनमेकर’ची पुस्तके पुढे ‘आर्गस बुक्स’ व नंतर ‘स्पेशल इंटरेस्ट मॉडेल बुक्स’ या नावाखाली पुन्हा निघाली. मजकूर हवा असेल तर नंतरची छपाई पुरते आणि स्वस्तही पडते. पहिली आवृत्तीच हवी असेल तर प्रकाशकाचे नाव ही सर्वांत सोपी खूण आहे.

विक्रेते आणि प्रतीची पारख

जुन्या पुस्तकांच्या विक्रीसाठी ‘एबबुक्स’, ‘बिब्लिओ’ आणि ‘ईबे’ ही ठिकाणे सर्वश्रुत आहेत. अनेक विक्रेत्यांच्या याद्या एकत्र पाहायच्या असल्यास ‘व्हायालिब्री’ उपयोगी पडते. हवे असलेले पुस्तक आज नसेल तर त्या नावाची सूचना नोंदवून ठेवावी. प्रत विक्रीस आली की कळवले जाते. घाई नसणाऱ्यास हाच मार्ग सर्वांत फलदायी ठरतो. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांच्या दुकानांत ही पुस्तके वरचेवर येतात, कारण साठ-सत्तरच्या दशकांत तरुण असलेली पिढी आता घरे आवरू लागली आहे. तेथे नातेवाईक किंवा मित्र असणाऱ्या वाचकांनी त्यांना नावांची यादी देऊन ठेवावी.

इंग्रजी जुन्या बाजारातील वर्णनांचे अर्थ शब्दशः घेऊ नयेत. ‘गुड’ म्हणजे चांगली प्रत असे नवख्यास वाटते. व्यवहारात तो शब्द सर्व पाने असलेल्या, पण वापरून जुन्या झालेल्या सामान्य प्रतीसाठी योजतात. ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरोखर चांगली, ‘फाइन’ म्हणजे जवळजवळ नवी. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालयाने काढून टाकलेली, शिक्के व खिसा असलेली प्रत. ती संग्राहकास नको असते, पण वाचकास अगदी योग्य असते. पैसे पाठवण्याआधी शीर्षकपृष्ठाचे व त्यामागील छपाईच्या तपशिलाच्या पानाचे छायाचित्र मागवावे. सूचीत दिलेले वर्ष अनेकदा पहिल्या आवृत्तीचे असते आणि हाती येते ती सातवी छपाई. टपालखर्च व सीमाशुल्क धरून एकूण किंमत किती होते हेही आधी पाहावे. पातळ पुस्तिकेच्या बाबतीत वाहतूक पुस्तकाहून महाग पडू शकते.

एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या ग्रंथांच्या ‘मागणीनुसार छापलेल्या’ प्रतींपासून सावध राहावे. या प्रती बहुधा अंकीय चित्रांवरून यांत्रिकपणे काढलेल्या असतात. घडीचे मोठे नकाशे व यंत्रांच्या आकृत्या त्यांत अर्धवट उमटतात, पाने गळतात, कधी चित्रण करणाऱ्याची बोटेही छापून येतात. तोच मजकूर विनामूल्य उपलब्ध असताना अशा प्रतीसाठी पैसे मोजण्यात अर्थ नसतो.

अंकीय ग्रंथालये आणि त्यांच्या मर्यादा

कोम्ब्रूनपासून वाल-हेनियसपर्यंतचे बरेच जुने साहित्य ‘इंटरनेट अर्काइव्ह’, ‘गूगल बुक्स’ व ‘हाथीट्रस्ट’ येथे पूर्ण वाचता येते. कॉबेट यांचे ‘कॉटेज इकॉनॉमी’ ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर आहे. अठराव्या शतकातील ग्रंथांत शब्दाने शोध घेताना एक अडचण येते. त्या काळी ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या आरंभी व मध्ये लांब आकाराचे छापत. यंत्राने वाचताना ते ‘एफ’ समजले जाते. म्हणून ‘एस’ असलेला शब्द सापडला नाही, तर त्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा शोधावे. दडलेली पाने अशी उघडी पडतात.

१९६० नंतरच्या पुस्तकांची स्थिती वेगळी आहे. त्यांवर लेखकांचे अथवा वारसांचे हक्क कायम आहेत. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ अशा पुस्तकांच्या चित्रित प्रती ठरावीक मुदतीसाठी वाचायला देत असे. चार मोठ्या प्रकाशकांनी २०२० मध्ये तिच्यावर दावा लावला. २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. या वादात पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचनातून काढून घ्यावी लागली. त्यांतील छापात नसलेल्या पुस्तकांच्या वाचकापुढे कागदी प्रत शोधण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. पडद्यावर आज दिसणारे पुस्तक उद्याही दिसेल, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

‘गूगल बुक्स’मध्ये अशा पुस्तकांचे काही ओळींचे तुकडे दिसतात. वाचनास ते अपुरे असले तरी हवी ती माहिती त्या पुस्तकात आहे की नाही, हे विकत घेण्याआधी पडताळण्यास पुरेसे असतात.

विशेष संग्रह

ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात ‘नॅशनल ब्रूइंग लायब्ररी’ हा बिअरनिर्मितीवरील मोठा ग्रंथसंग्रह आहे. बिअरवर जगभर वाचले गेलेले लेखक मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) यांची पुस्तके व कागदपत्रे याच विद्यापीठाकडे आली. अमेरिकेत ओरेगन राज्य विद्यापीठाने २०१३ मध्ये हॉप व बिअरनिर्मितीचे स्वतंत्र अभिलेखागार स्थापन केले. फ्रेड एकहार्ट यांची कागदपत्रे तेथे जतन झाली आहेत. घरगुती छपाईची पत्रके, मंडळांची वार्तापत्रे, किंमतपत्रके असे जे कागद कोणत्याही पुस्तकविक्रेत्याकडे मिळणार नाहीत, ते अशाच ठिकाणी टिकतात. अभ्यासासाठी एखाद्या प्रकरणाची प्रत हवी असल्यास नेमका पृष्ठक्रमांक देऊन विनंती करावी. मोघम विनंतीपेक्षा नेमक्या विनंतीला उत्तर लवकर येते.

आपल्या वाचकांनी जवळचे ग्रंथालयही विसरू नये. पणजीतील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. आंतरग्रंथालयीन देवघेवीविषयी कोणत्याही मोठ्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालांकडे चौकशी करता येते. ‘डेलनेट’ या जाळ्यातील सदस्य ग्रंथालये परस्परांकडून पुस्तके मागवतात आणि इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील विद्यापीठीय वाचकांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे. किण्वनशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके अभियांत्रिकी व कृषी महाविद्यालयांच्या संग्रहांतही पाहावीत.

जुने पुस्तक वाचताना

दुर्मीळ पुस्तक मिळाले की त्यातील प्रत्येक आकडा खरा मानण्याचा मोह होतो. येथे सावधगिरी हवी. पहिला धोका मापांचा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तर अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. पाच गॅलनची ब्रिटिश कृती सुमारे २२.७ लिटरची आणि अमेरिकी कृती सुमारे १८.९ लिटरची होते. बाटलीत फेस यावा म्हणून शेवटी घालायची साखर ब्रिटिश मापाने मोजून अमेरिकी मापाच्या बिअरमध्ये घातली, तर ती पाचव्या हिश्शाने जास्त पडते. त्यात बिअर पुरती आंबण्याआधीच बाटलीबंद झाली असेल तर दाब वाढून काच फुटते. बाटली फुटून इजा होणे हा या छंदातील जुना व खरा अपघात आहे. म्हणून पुस्तक कोणत्या देशाचे, हे आधी पाहावे.

दुसरा धोका कच्च्या मालाचा. साठच्या दशकातील कृतींत ‘फगल’ किंवा ‘गोल्डिंग’ या जुन्या जातींची हॉपची फुले गृहीत धरलेली असत. नंतर आलेल्या ‘टार्गेट’सारख्या जातींत कडूपणा देणारा अंश त्यांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. वजन तेच ठेवून जात बदलली तर बिअर पिण्याजोगी राहत नाही. लाइन यांच्या अनेक कृतींत गोडी टिकवण्यासाठी सॅकरिनच्या गोळ्या सांगितल्या आहेत. त्या काळची ती सोय होती. आजचे लेखक ती सुचवत नाहीत.

तिसरा धोका सर्वांत गंभीर आहे आणि तो थेट आपल्या पश्चिम घाटाशी जोडलेला आहे. कोकण-मलबारच्या रानात होणारी काकमारी ही वेल पाण्यातले मासे गुंगवण्यासाठी वापरली जाते. तिची विषारी फळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जहाजांनी इंग्लंडला जात. माल्ट कमी वापरून बिअर जास्त मादक भासावी म्हणून काही जण ती बिअरमध्ये मिसळत. १८१६ च्या ब्रिटिश कायद्याने बिअर करणाऱ्यांना अशी द्रव्ये बाळगण्यासही मनाई केली. रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक ॲकम यांनी १८२० मध्ये अन्नातील भेसळीवर लिहिलेल्या ग्रंथात हा व्यवहार उघड केला आणि दोषी ठरलेल्यांची नावेही छापली. म्हणूनच त्या काळातील पुस्तकांत ‘इंडियन बेरी’ हे निरुपद्रवी वाटणारे नाव आले तर तो पदार्थ विष आहे, हे ओळखले पाहिजे.

ॲकम यांनी त्याच वर्षी बिअरनिर्मितीवरही स्वतंत्र पुस्तक लिहिले. पण त्यांचा शेवट पुस्तकप्रेमींना चटका लावणारा आहे. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि त्यांना इंग्लंड सोडून जर्मनीला जावे लागले. जुनी प्रत घेताना पाने मोजून पाहावीत, या नियमाला याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

हक्क आणि अबकारी कायदा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ब्रिटनमध्ये ७० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. पुस्तक छापात नाही म्हणजे ते हक्कमुक्त झाले, असे होत नाही. अभ्यासासाठी काही पाने उतरवून घेणे आणि संपूर्ण पुस्तकाची प्रत काढून वाटणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. पुस्तक पुन्हा छापले जावे असे वाटत असल्यास प्रकाशकास किंवा वारसांस पत्र लिहावे. लहान प्रकाशकांच्या बाबतीत अशी पत्रे दखलपात्र ठरतात.

पुस्तक बाळगण्यास व वाचण्यास बंदी नाही. प्रत्यक्ष निर्मितीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मादक पेये हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा लागू असून मद्यनिर्मितीस परवाना लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, गुजरातेत दारूबंदी आहे. इंग्लंड-अमेरिकेतील सवलत वाचून ती येथेही आहे असे समजणे महागात पडेल. शिवाय तेथील सवलतही केवळ आंबवलेल्या पेयांपुरती आहे. घरी मद्य ऊर्ध्वपातित करण्यास त्या दोन्ही कायद्यांनी मोकळीक दिलेली नाही.

प्रत हाती आल्यावर

सत्तरच्या दशकातील कागदी बांधणीची पुस्तके सरसाने चिकटवलेली असतात. ती एकदम पूर्ण उघडल्यास पुठ्ठा सुटतो. गोव्याच्या व कोकणाच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर हे त्यांचे मुख्य शत्रू. भिंतीला टेकलेल्या बंद कपाटापेक्षा हवा खेळती असलेली मांडणी बरी. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये, आत ओल अडकते. डाग पुसण्याचा खटाटोप करू नये. समासातील पेन्सिलीच्या नोंदी तर मुळीच खोडू नयेत. कोणत्या तारखेला किती माल्ट घेतला, किती दिवसांत बिअर निवळली, अशा आधीच्या मालकाच्या नोंदी अभ्यासकाला छापील मजकुराइतक्याच मोलाच्या असतात.

या साऱ्या खटपटीचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडू शकेल. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण बोंडू मळण्यापासून नीरो, हुर्राक आणि फेणीपर्यंतचे ज्ञान आजही मुख्यतः भट्टीवरच्या माणसांच्या हातांत व बोलण्यात आहे. इंग्लंडमध्ये परवान्याच्या काळात घरोघरची बिअर जवळजवळ बंद पडली. ती पुन्हा उभी राहताना जुन्या नोंदवह्या, पातळ पुस्तिका आणि हौशी मंडळांची वार्तापत्रे कामी आली, कारण कोणीतरी ती लिहिली होती व कोणीतरी ती रद्दीत जाऊ दिली नव्हती. आपल्याकडील जुन्या घरांत फेणी, माडी किंवा काजूबागायतीसंबंधी मराठी, कोकणी वा पोर्तुगीज भाषांतील हस्तलिखित वह्या, हिशेब किंवा पुस्तिका असतील, तर त्या विकण्यापूर्वी एकदा ग्रंथपालांना दाखवाव्यात.